नदीपलीकडच्या गावाची गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फारसं काही येत नाही. क्रिकेटमध्ये हा देश फारसा दिसत नाही, त्यामुळे आपली ओळख व्हायला तेवढंही निमित्त नाही. फुटबॉल पाहणाऱ्यांना नाव ठाऊक असतं. चॉकलेटसाठी लागणारा कोको तिथून येतो, हे काहींनी शाळेत पाठ केलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान तिथले, हे काहींच्या लक्षात असतं. माझीही ओळख एवढीच होती. एस. टी.च्या वाहतूक शाखेत एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि २०१८ साली काही महिने मुलाकडे राहायला गेलो. तो तेव्हा उत्तर घानातल्या तमाले या शहरात शेतीच्या एका प्रकल्पावर नोकरीला होता. घरात बसून करायचं काय? आयुष्यभर जे केलं तेच मी तिथंही केलं. स्टँडवर जाऊन गाड्या मोजत बसलो.

त्या मोजण्यातून एका गावापर्यंत पोहोचलो. त्या गावाला गाडी कशी मिळेल, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. विषय दूरचा आहे, पण प्रश्न समजायला कुणालाही अवघड जाऊ नये.

घानाचा नकाशा मनासमोर आणा. उभट चौकोनी देश. खाली दक्षिणेला समुद्र आणि राजधानी आक्रा. दक्षिणेत जंगल, कोको, सोन्याच्या खाणी. इंग्रजांनी रेल्वे बांधली ती याच मालासाठी. सेकोंडीहून कुमासीला रूळ पोहोचले १९०३ मध्ये, आक्राहून कुमासीला १९२३ मध्ये. तिथून पुढे उत्तरेला रेल्वे गेलीच नाही. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरीही गेली नाही. त्यामुळे उत्तरेतल्या माणसाला आजही जे काही यायचं-जायचं ते मुख्यतः रस्त्यानं. मी गेलो तेव्हा देशात लहानमोठे मिळून सुमारे ७८ हजार किलोमीटर रस्ते होते. त्यातले निम्म्याहून अधिक खेड्यांना जोडणारे आहेत आणि बहुतेक मातीचे आहेत.

तमालेहून उत्तरेकडे बोल्गातांगाला जाणारा हमरस्ता चांगला डांबरी आहे. त्यावर सुमारे शंभर किलोमीटरवर वालेवाले नावाचं गाव लागतं. गाव म्हणजे आपल्या लहानशा तालुक्याच्या ठिकाणासारखं. इथून पश्चिमेला वळलं की काही अंतरावर पांढरी व्होल्टा नदी आडवी येते. या नदीच्या पलीकडच्या मुलखाला तिथले लोक काय म्हणतात, माहीत आहे? ‘ओव्हरसीज’. समुद्रापार! समुद्र तिथून सहाशे किलोमीटर दूर. पण पावसाळ्यात नदी आणि तिचे फाटे फुगले, की पलीकडचा माणूस जणू परदेशात राहायला गेला. हे नाव गमतीनं पडलं असेल, पण आता सरकारी माणसंही तेच वापरतात. या भागाचा २०१२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचं मुख्य ठिकाण यागाबा. २०१९ मध्ये नवे प्रांत झाले तेव्हा तो नॉर्थ ईस्ट प्रांतात गेला. कार्यालयाच्या पाट्या बदलल्या. नदी होती तिथंच राहिली.

पाऊस तिथं एकाच हंगामात पडतो, मे ते ऑक्टोबर. पण पूर येतो तो नुसत्या पावसाचा नाही. वर बुर्किना फासो या शेजारी देशात बाग्रे नावाचं धरण आहे, १९९०च्या दशकात बांधलेलं. ऑगस्टच्या अखेरीस ते भरतं आणि पाणी सोडावं लागतं. रेडिओवर इशारा दिला जातो. त्या वेळी शेतात मका, भात, भुईमूग उभे असतात. नदीकाठची शेतं जातात आणि त्याबरोबर वाटाही जातात.

मी ज्या गावाला गेलो, त्याचं नाव सांगत नाही. कारण त्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांची हीच गोष्ट आहे. मातीच्या भिंतींची गोल घरं, काही घरांवर गवताचं तर काहींवर पत्र्याचं छप्पर. एक शाळा, एक बोअरिंग, एक मशीद, एक लहानसं चर्च. पोरं मला पाहून ‘सिलिमिंगा’, म्हणजे ‘गोरा आला’, असं ओरडत मागं लागली. माझ्यासारख्या काळ्यासावळ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी गोरा म्हटलं!

तिथं मी कसा पोहोचलो, ते आधी सांगतो. कारण सगळा प्रश्न त्या एका प्रवासातच आहे.

घानात सार्वजनिक प्रवास म्हणजे ट्रोट्रो. जुनी मिनी बस, आत जादा बाकं टाकलेली. पूर्वी भाडं तीन पेन्स होतं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडच्या वडापची ही सख्खी बहीण. एक ड्रायव्हर, आणि दाराला लटकून हाका मारणारा एक पोऱ्या. त्याला ‘मेट’ म्हणतात. गाडी सुटते ती लॉरी पार्कातून, म्हणजे स्टँडावरून. स्टँड चालवते ड्रायव्हर-मालकांची युनियन. नंबर लावणं, पावती फाडणं, भाडं ठरवणं हे सगळं तिच्याकडं. सरकारचा वाटा यात फार थोडा. २००३ पासून मेट्रो मास ही मोठ्या बसगाड्यांची कंपनी सरकारच्या पुढाकारानं सुरू झाली खरी, पण तिच्या गाड्या मुख्यतः शहरात आणि लांबच्या चांगल्या रस्त्यांवर.

सकाळी सात वाजता मी वालेवालेच्या स्टँडवर ट्रोट्रोत जाऊन बसलो. माझ्या आधी तिघे बसले होते. आमच्यात एक वयस्क बाई होत्या, त्यांच्याबरोबर मिठाचं पोतं, साबणाचा खोका आणि केरोसिनचा कॅन. मी ड्रायव्हरला विचारलं, “बाबा, गाडी किती वाजता सुटणार?” तो म्हणाला, “भरली की सुटणार, साहेब.” मी सवयीनं पुन्हा विचारलं, “पण अंदाजे?” त्यानं माझ्याकडं जरा दयेनं पाहिलं. “साहेब, गाडीला घड्याळ नसतं. गाडीला सीट असतात.”

एकतीस वर्षं वेळापत्रकं लिहिलेल्या माणसाला हे वाक्य फार लागलं. गाडी सुटली साडेअकराला. बाई मात्र शांत होत्या. आदल्या आठवड्यात त्या अशाच बसल्या होत्या आणि दुपारी तीन वाजता ड्रायव्हरनं सांगितलं, की आज माणसं कमी आहेत, गाडी जात नाही. मग त्या कुणाच्या तरी ओसरीवर झोपल्या.

आता त्या ड्रायव्हरला शिव्या देणं सोपं आहे. पण त्याच्या जागी बसून हिशेब करा. गाडी त्याची नसते. मालकाला रोज संध्याकाळी ठरलेली रक्कम द्यावी लागते. तिला तिथं ‘सेल्स’ म्हणतात. डिझेल त्याचं, मेटची मजुरी त्याची, युनियनची पावती त्याची. समजा, गाडी पंधरा सीटची आहे. समजा, दहा तिकिटांत खर्च निघतो आणि वरची पाच त्याच्या घरी जातात. चांगल्या डांबरी रस्त्यावर तो दिवसात चार फेऱ्या मारेल. या गावाच्या रस्त्यावर कशीबशी एक, तीही टायर आणि पाटे मोडून घेत. त्यात गावातून साध्या दिवशी प्रवासी निघणार चार किंवा पाच. मग तो का जाईल? तो वाईट माणूस आहे म्हणून जात नाही असं नाही. गेला तर त्याच्या पोरांच्या तोंडातला घास जातो.

याची दुसरी बाजू बाजाराच्या दिवशी दिसते. उत्तर घानात बाजार आठवड्याच्या वाराला धरून नसतात. बोल्गातांगाचा बाजार दर तिसऱ्या दिवशी, तमालेच्या बाजूला सहा दिवसांचं चक्र. बाजाराच्या दिवशी त्याच गावातून चाळीस-पन्नास माणसं निघतात. वर शियाच्या बियांची पोती, भुईमूग, कोंबड्या, शेळ्या. मग एक जुना ट्रक येतो आणि सगळं त्यात कोंबलं जातं. पोत्यांवर माणसं, माणसांवर पोती. म्हणजे गावाला एके दिवशी गाडीच नसते आणि दुसऱ्या दिवशी जी असते ती जीव मुठीत धरून बसावी अशी.

शियाच्या बिया हे तिथल्या बायकांचं हक्काचं उत्पन्न. झाडाखाली पडलेली फळं पहाटे उठून वेचायची, बिया उकडायच्या, वाळवायच्या. जगभरच्या क्रीम-साबणांत हे तूप जातं. पण गावात येणारा व्यापारी भाव पाडूनच मागतो. त्याला ठाऊक असतं, की ही बाई पोतं डोक्यावर घेऊन नदीपार जाऊ शकत नाही. माल नेण्याची सोय नसेल तर भाव ठरवण्याची ताकदही राहत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

श्रोते हो, इथवर मी पैशाचं बोललो. आता त्यापेक्षा मोठी गोष्ट.

घानात २००८ पासून गरोदर बायकांना बाळंतपणाची सेवा राष्ट्रीय आरोग्य विम्यातून मोफत आहे. फार चांगला निर्णय. पण दवाखान्यात गेल्यावर फी नाही, याचा उपयोग दवाखान्यात पोहोचणाऱ्यालाच. बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणारे तज्ज्ञ १९९०च्या दशकापासून तीन उशीर सांगत आले आहेत. दवाखान्यात जायचं ठरवण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. मधला उशीर हा आमच्या खात्याचा. वाहतूकवाल्यांचा.

त्या गावातल्या नर्सबाईंनी मला एका रात्रीची हकिकत सांगितली. सप्टेंबरचा महिना, बाग्रेचं पाणी सोडलेलं. एक तरुण मुलगी, पहिलंच बाळंतपण, कळा येऊन दिवस उलटलेला. गावात एक मोटरकिंग होती. मोटरकिंग म्हणजे पुढं मोटारसायकल आणि मागं उघडा हौदा असलेली तीनचाकी, चिनी बनावटीची. उत्तर घानात माल आणि माणसं दोन्ही तीच ओढते. हौद्यात गवत आणि चटई टाकून मुलीला निजवलं. नदीपर्यंत दोन तास लागले, कारण वाटेतल्या एका ओढ्यात चाकं रुतली. नदीवर होडी होती, पण नावाडी झोपायला गावात गेलेला. त्याला शोधून आणेपर्यंत तास गेला. पलीकडं गेल्यावर फोनला रेंज आली, मग मोटारसायकल बोलावली. मुलीला दोघांच्या मधे बसवून नेलं. दिवस उजाडताना दवाखाना लागला. मुलगी वाचली. बाळ गेलं होतं.

नर्सबाई म्हणाल्या, “दवाखान्यात डॉक्टर होते, औषध होतं, रक्तसुद्धा होतं. आमच्याकडं फक्त वाट नव्हती.”

मी हे ऐकून गप्प बसलो. काय बोलणार?

मग या गावासाठी करायचं काय? पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. रस्ता करा, पूल बांधा. गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एस. टी., ही घोषणा मी स्वतः आयुष्यभर वाचली आहे, आणि ती मला प्रिय आहे. पण तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रस्ता झाला की गाडी पाठवणारं कुणीतरी आहे. नफा नसला तरी फेरी चालवायची, असं ठरवलेलं महामंडळ आहे. घानात खेड्याकडं जाणारी गाडी खाजगी मालकाची आहे. तिथं रस्ता झाला म्हणून गाडी आपोआप येत नाही.

जगात ग्रामीण रस्त्यांचं एक माप वापरतात. जागतिक बँकेनं २००६ मध्ये ते मांडलं आणि आता संयुक्त राष्ट्रांच्या विकास उद्दिष्टांतही ते आहे. बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत किती टक्के ग्रामीण लोक राहतात, हे ते माप. माप उपयोगी आहे. पण त्यात रस्ता मोजला जातो, त्यावरची गाडी मोजली जात नाही. दोन किलोमीटर चालून रस्त्यावर आलेली बाई तिथं किती तास उभी राहिली, हे त्यात येत नाही. म्हणून मला वाटतं, की या गावाचा विचार पाच बाजूंनी करावा लागेल. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठ्या पुलाइतका पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, सबंध रस्ता करण्याआधी रस्ता जिथं तुटतो त्या जागा दुरुस्त करा. मी त्या वाटेवर मोजल्या. गाडी खरोखर अडावी अशा जागा सात होत्या. बाकीचा रस्ता खडबडीत, पण चालण्याजोगा. या सात जागी मोऱ्या टाकल्या, ओढ्यावर फरशी केली, उतारावर मुरूम दाबून दोन्ही बाजूंना पाण्याला चर काढले, तर वर्षातले बंद राहणारे कितीतरी दिवस कमी होतील. घानाला हे काम नवीन नाही. १९८६ पासून तिथं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक बँकेच्या मदतीनं मजुरांकडून खेड्यांचे रस्ते करून घेण्याचा कार्यक्रम झाला. मोठी यंत्रं आणण्याऐवजी लहान ठेकेदारांना शिकवलं, कोफोरिदुआ इथं त्यासाठी प्रशिक्षण केंद्र चाललं. गावच्याच माणसांच्या हाताला काम मिळालं. आफ्रिकेतल्या इतर देशांनी त्याचा धडा घेतला. आणि दुरुस्तीसाठी पेट्रोल-डिझेलवरच्या कराचा रस्ते निधीही १९९७ पासून आहे. अडचण अशी, की निधीची ओढ नेहमी मोठ्या रस्त्याकडं असते. ज्या रस्त्यावरून मंत्री जातो, तो आधी दुरुस्त होतो. हे काही एका देशाचं वैशिष्ट्य नाही.

दुसरी गोष्ट, नदीची. पूल व्हायला हवाच. पण तो होईपर्यंत होडी हीच गावाची बस आहे, असं समजून तिच्याकडं पाहायला हवं. बसला जसे नियम असतात तसे होडीलाही हवेत. किती माणसं बसवायची याची खूण, प्रत्येकाला अंगात घालायचं तरंगणारं जाकीट, आणि रात्री काठावर झोपणारा पगारी नावाडी. त्या मुलीच्या रात्री एक तास नावाडी शोधण्यात गेला. तो तास वाचवायला पूल लागत नाही, एका माणसाचा पगार लागतो.

तिसरी गोष्ट, गाडी गावात मुक्कामाला ठेवणं. हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे. आमच्याकडं मुक्कामाच्या गाड्या असत. रात्री गाडी शेवटच्या गावात थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेत झोपायचे आणि पहाटे पहिली फेरी गावातून निघायची. यातलं मर्म असं, की खेड्यातल्या माणसाला सकाळी शहराकडं जायचं असतं आणि संध्याकाळी घरी. गाडी शहरात झोपली तर ती उलट्या वेळेला येते. ओव्हरसीजमधल्या गावात ठरलेल्या दिवशी, समजा बाजारचक्रातून दोनदा, एक गाडी मुक्कामाला आली आणि पहाटे भरो न भरो सुटली, तर लोकांचा विश्वास बसेल. विश्वास बसला की माणसं त्या दिवसासाठी कामं राखून ठेवतील. आज प्रवासी नाहीत, कारण गाडीचा भरवसा नाही. आणि गाडी नाही, कारण प्रवासी नाहीत. ही गाठ कुणीतरी एका टोकानं सोडवायला हवी.

ती सोडवायची म्हणजे रिकाम्या सीटचे पैसे कुणीतरी भरायचे. मघाचाच हिशेब घ्या. दहा तिकिटांत खर्च निघतो आणि सहा माणसं आली, तर चार तिकिटांची तूट. जिल्हा सभेनं युनियनशी करार करावा. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी गाडी सोडा, दहापेक्षा जेवढी तिकिटं कमी पडतील तेवढ्यांचे पैसे आम्ही देऊ. गाडी भरली तर एक पैसाही द्यायचा नाही. गाडी विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. नवी बस घेऊन फोटो काढणारे पुष्कळ भेटतात. तिसऱ्या वर्षी तिचा क्लच प्लेट बदलायला पैसे देणारा भेटत नाही.

चौथी गोष्ट, लहान वाहनं. मोठी गाडी जिथं जात नाही तिथं मोटारसायकल जाते. पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांत भाड्याच्या मोटारसायकलला ‘ओकाडा’ म्हणतात. घानात २०१२ च्या नियमांनी तिच्यावर बंदी घातली, अपघात फार होतात म्हणून. बंदीनंतरही ती सर्रास चालत राहिली, कारण लोकांना दुसरा पर्यायच नव्हता. आणि इथं आपला खरोखरीचा संबंध येतो. आफ्रिकेच्या रस्त्यांवर जागोजाग दिसणारी ‘बॉक्सर’ मोटारसायकल बजाजची, आणि तमालेच्या गल्ल्यांत ज्या पिवळ्या तीनचाकी धावतात, त्यांतल्या काही आपल्या वाळूजच्या बजाज कारखान्याच्या जातीच्या. परदेशात एखादी ओळखीची रिक्षा दिसली, की भाऊ भेटल्यासारखं होतं!

पण या वाहनांना नुसतं चालू देऊन भागणार नाही. चालवणाऱ्या मुलांना परवाना, शिक्षण, हेल्मेट हवं. मोटरकिंगच्या हौद्यात माणसं बसणारच असतील, तर त्याला कठडा आणि धरायला दांडी हवी. शेजारच्या अप्पर ईस्ट प्रांतात २०१०च्या दशकात आरोग्य खात्यानं अशा तीनचाकींनाच छप्पर आणि पलंग बसवून रुग्णवाहिका म्हणून वापरून पाहिलं. २०२० च्या जानेवारीत सरकारनं देशभर ३०७ नव्या रुग्णवाहिका वाटल्या, एका मतदारसंघाला एक. ही मोठी गोष्ट झाली. पण चिखलात रुतणाऱ्या मोठ्या गाडीपेक्षा लहान तीनचाकी कित्येकदा जास्त उपयोगी पडते. शिवाय गावात सायकली आहेत, गाढवाच्या गाड्या आहेत. बायकांच्या डोक्यावरचं ओझं जर गाढवाच्या गाडीवर गेलं, तर तीही वाहतुकीतली सुधारणाच. वाहतूक म्हणजे फक्त इंजिन नव्हे.

त्या रात्रीच्या भाड्याचा प्रश्नही गावालाच सोडवता येतो. घानात ‘सुसू’ नावाची बचतीची पद्धत आहे. रोज थोडे थोडे पैसे एका विश्वासू माणसाकडं जमा करायचे. आपल्या भिशीच्या जवळची गोष्ट. नर्सबाईंच्या गावात त्या घटनेनंतर बायकांनी वेगळी सुसू सुरू केली. त्यातले पैसे फक्त बाळंतिणीच्या गाडीसाठी. मोटरकिंगवाल्याशी ठरवून ठेवलं, की रात्री हाक मारली तर आधी निघायचं, पैसे नंतर मिळतील. मला वाटतं, सगळ्या उपायांत हा उपाय सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात झाला, कारण तो ज्यांना गरज होती त्यांनीच केला.

आणि पाचवी गोष्ट. काही वेळा माणसाला गाडीत बसवण्याऐवजी सेवाच गाडीत बसवून आणावी. घानाच्याच उत्तरेला नावरोंगो इथं १९९४ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. नर्सला तालुक्याच्या दवाखान्यात न बसवता गावात राहायला पाठवलं आणि मोटारसायकल दिली. बालमृत्यू कमी झाले. पुढं ते देशाचं धोरण झालं. त्या लहान दवाखान्यांना लोक ‘चिप्स’ म्हणतात. माझ्या ओळखीच्या नर्सबाई त्याच योजनेतल्या. त्या गावात होत्या, म्हणून ती मुलगी निदान वाचली.

मी परत आल्यावर, २०१९ मध्ये, घानात ड्रोननं औषधं आणि रक्त पोहोचवायला सुरुवात झाली. त्याचं एक केंद्र वालेवालेजवळच व्होब्सी इथं उभारलं गेलं. मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. रक्ताची पिशवी नदीवरून उडत जाणं ही काही लहान गोष्ट नाही. पण मनात असंही आलं, की पिशवी उडून जाते, बाई नाही जात. ज्या मुलीला शस्त्रक्रियेची गरज आहे, तिला नदी ओलांडावीच लागणार. यंत्र कितीही चांगलं आलं तरी तो ओढा, ती होडी आणि ती मोटरकिंग यांचा प्रश्न तसाच राहतो.

शाळेचंही तसंच. २०१७ पासून घानात उच्च माध्यमिक शिक्षण मोफत झालं. पण शाळा जिथं आहे तिथं पोहोचायचं कसं? सुट्टीत घरी आलेला मुलगा पुरामुळं वेळेवर परत जाऊ शकला नाही, तर मोफत शिक्षणही त्याच्याशिवायच चालू होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. हे गाव सोडून सगळ्यांनी वालेवालेला जाऊन राहावं, म्हणजे प्रश्नच मिटेल, असं मला तिथल्याच एका शिकलेल्या गृहस्थांनी सुनावलं होतं. पंधरा-वीस घरांसाठी इतका खर्च कशाला, हा त्यांचा सवाल. हिशेबानं त्यांचं बरोबर असेल. अशी वाक्यं मी आमच्या खात्यातही ऐकली आहेत. तोट्याचे मार्ग बंद करा. मी स्वतः काही मार्ग बंद केले आहेत, सही माझीच होती. पण त्या गावाभोवतीच्या खोऱ्यातल्या जमिनीवर भात पिकतो, आणि तो खाणारे शहरात राहतात. ज्याचं धान्य आपण खातो, त्याला रस्त्यावर ये म्हणावं, पण गाडी देऊ नये, हा न्याय नव्हे.

निघायच्या दिवशी पहाटे मी गावातल्या झाडाखाली गाडीची वाट पाहत बसलो होतो. त्या मिठाच्या पोत्यावाल्या बाई तिथंच होत्या. मी त्यांना विचारलं, “मावशी, सरकारनं तुम्हाला एकच गोष्ट द्यायची ठरवलं, तर काय मागाल?” मला वाटलं होतं, पूल म्हणतील. दुभाष्यानं त्यांचं बोलणं ऐकलं आणि हसून मला सांगितलं, “त्या म्हणतात, गाडी येणार असेल तर येणार म्हणा. येणार नसेल तर नाही म्हणा. एवढं नक्की कळलं तरी आम्ही पुढचं आमचं बघू.”

मी एकतीस वर्षं वेळापत्रकं लिहिली. वेळापत्रक कशासाठी असतं, ते मला त्या बाईंनी सांगितलं.